वाशीच्या पट्टीपासून फोनवरच्या बुकिंगपर्यंत: हापूस थेट विकायचा तर काय काय करावं

कोकणातल्या आंबा बागायतदाराला जाहिरातीवर खर्च करायची वेळ फारशी आलीच नाही. मोहोराच्या फवारणीला पैसे लागले की नवी मुंबईतल्या वाशीच्या घाऊक बाजारातल्या दलालाकडून आगाऊ रक्कम उचलायची, मार्चपासून पेट्या त्याच्या गाळ्यावर पाठवायच्या आणि शेवटी येईल ती पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि रक्कम, हातात घ्यायची. आंबा कोणी खाल्ला, गोड निघाला का, पुढच्या वर्षी तोच माणूस परत घेईल का, यातलं काही बागेपर्यंत पोचत नाही. दलालाला उगाच खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. भांडवल, ओळखी आणि विक्री या तिन्ही गोष्टी तो सांभाळतो. मात्र गिऱ्हाईक त्याचं राहतं.

2016 मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, म्हणजे समितीबाहेर थेट विकायची वाट खुली झाली. त्याच वर्षी यूपीआय सुरू झालं आणि मोबाइल डेटा स्वस्त झाला. मग 2020 च्या टाळेबंदीत, ऐन एप्रिल-मे महिन्यात, मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांनी बागेतून थेट माल मागवला. तेव्हापासून ‘थेट बागेतून’ म्हणणारी इन्स्टाग्राम पेजं उदंड झाली आहेत. पाहावं तर सगळ्यांचा साचा एकच: केशरी पार्श्वभूमीवर चमकणारा आंबा, ‘अस्सल देवगड हापूस’ आणि खाली फोन नंबर. परराज्यातला आंबा देवगडच्या खोक्यात भरून विकणाराही हेच टाकतो. मग गिऱ्हाइकानं फरक करायचा कशावरून?

डिझाइन थिंकिंग इथं कामाला येतं. नाव भारदस्त आहे, पण पद्धत साधी. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूल या डिझाइन संस्थेनं ती पाच टप्प्यांत मांडली: माणूस समजून घ्या, त्याची अडचण नेमकी मांडा, उपाय सुचवा, कच्चा नमुना करा, तो लोकांच्या हातात देऊन पाहा. 2009 मध्ये एअरबीएनबी या घरं भाड्यानं मिळवून देणाऱ्या वेबसाइटची कमाई अडली होती, तेव्हा तिचे संस्थापक न्यूयॉर्कला घर भाड्यानं देणाऱ्यांच्या दारात गेले. वेबसाइटवरचे फोटो इतके वाईट होते की पाहुण्यांना भरवसा वाटत नव्हता. त्यांनी कॅमेरा घेऊन स्वतः घरोघरी फोटो काढले आणि बुकिंग वाढलं. अडचण गिऱ्हाइकाच्या मनात होती, म्हणून उत्तर जाहिरातीच्या बजेटमध्ये सापडलं नाही.

हापूसच्या धंद्यात हे कसं उतरवायचं ते आता क्रमानं पाहू.

आधी गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात जा

हे काम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उरकायचं. पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांपासून सुरुवात करा, पण तिथंच थांबू नका, कारण नातेवाईक तोंडावर गोडच बोलतात. ओळखीच्या ओळखीतली आठ-दहा घरं गाठा. ‘आंबा आवडतो का?’ या प्रश्नाला महाराष्ट्रात कोणी ‘नाही’ म्हणणार नाही, तेव्हा तो विचारूच नका. विचारायचं ते असं: “गेल्या वर्षी पेटी आली त्या दिवशी काय काय झालं, अगदी पहिल्यापासून सांगा.” मग गप्प बसायचं आणि ऐकायचं.

अशा गप्पांतून साधारण कोणत्या गोष्टी निघतात ते सांगतो. पेटी दुपारी येते तेव्हा घरात कोणी नसतं, ती वॉचमनच्या केबिनमध्ये उन्हात पडून राहते. लाकडी पेटीचे खिळे काढायला घरात पक्कड नसते. आंबे कच्चे की पिकलेले, हे नवख्या माणसाला कळत नाही, म्हणून कोणीतरी सगळी पेटी सरळ फ्रिजमध्ये ठेवतं. कच्चा हापूस फार थंडीत ठेवला तर नीट पिकत नाही, साल काळवंडते आणि बोल मात्र बागायतदाराला लागतो. तिघांच्या घरात पाच डझन आंबे एकाच आठवड्यात पिकतात, मग शेजारी वाटावे लागतात. आणि साका! वरून सोन्यासारखं दिसणारं फळ कापावं आणि आत पांढरट, स्पंजासारखा आंबट गर निघावा, हे दुःख प्रत्येक घरात एकदा तरी झालेलं असतं.

आणखी एक गोष्ट नीट ऐका: पैसे कोण देतं आणि खातं कोण? न्यू जर्सीतली मुलगी ठाण्यातल्या आईवडिलांसाठी ऑर्डर देते. तिला चव कळणार नाही, भाव ती फारसा पाहणार नाही. पेटी आईच्या हातात पडली की तिला फोटो हवा असतो. उलट एखादी कंपनी दिवाळीच्या मिठाईऐवजी मे महिन्यात कर्मचाऱ्यांना आंबे देते, तिला वेळेवर पोचणं आणि पक्कं बिल हवं असतं. आंबा एकच असला तरी या गिऱ्हाइकांच्या गरजा वेगळ्या आहेत, त्यांच्यासाठी लिहायचा मजकूरही वेगळा.

प्रत्यक्ष भेटी शक्य नसतील तर गेल्या हंगामाचं व्हॉट्सअ‍ॅप उघडा. आलेला प्रत्येक प्रश्न एका वहीत उतरवा, भाषा बदलू नका. ‘कधी खायचे?’, ‘दोन काळे पडलेत, चालतील का?’, ‘केमिकलनं पिकवलेले नाहीत ना?’ एकच प्रश्न वीस वेळा आला असेल, तर वर्षभराचा मजकूर तुमच्या हातात तयार आहे.

अडचण एका वाक्यात लिहा

‘विक्री वाढवायची आहे’ ही तुमची अडचण झाली. गिऱ्हाइकाची अडचण अशी लिहावी: ‘पुण्यात नोकरी करणाऱ्या जोडप्याला अस्सल हापूस हवा आहे, पण आतून कसा निघेल याची खात्री नाही आणि तो पिकवता येत नाही.’ हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून खोके भरता त्या शेडमध्ये लावा. पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर घासून पाहायचा. ड्रोननं काढलेला बागेचा देखणा व्हिडिओ या वाक्यातल्या कोणत्या शंकेला उत्तर देतो? एकाही नाही. मग पंधरा हजार वाचले.

कल्पना सुचवायच्या बैठकीबद्दल पुस्तकांत पानंच्या पानं असतात. घरातली चार माणसं, बागेतला जुना गडी आणि एक गिऱ्हाईक यांना चहाला बसवा, तासाभरात पुरेशा कल्पना निघतात. गडी नक्की बसवा. फळ त्याच्या हातून जातं.

कच्चा नमुना: बारा घरं, एक खोका

मोठी छपाई करण्यापूर्वी मार्चच्या पहिल्या तोडीत बारा घरांना नमुन्याचे खोके पाठवा. दोन डझनांचा पुठ्ठ्याचा खोका, हवेसाठी भोकं, खिळे नाहीत. खोक्यात दोन थर: वर दोन-तीन दिवसांत खाण्याजोगे आंबे, खाली आठवड्यानं तयार होणारे. दोन्हींच्या मध्ये पेंढा आणि एक कागद. घरात आढी लावायला, म्हणजे आंबे पेंढ्यात पिकत घालायला, पेंढा नसतो, हे गृहीत धरून थोडा जास्तच भरा.

कागदावर काय असावं? बागेचा इतिहास नको. आजोबांनी कलमं कधी लावली ते वेबसाइटवर सांगा. कागदावर चारच गोष्टी, त्याही हातानं लिहिलेल्या चालतील: काढणीची तारीख, ‘आधी हे खा, नंतर ते’, ‘पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नका’ आणि ‘साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो या नंबरवर पाठवा, पुढच्या खोक्यात भरपाई’. याच कागदावर क्यूआर कोड टाका. स्कॅन केला की तीस सेकंदांचा व्हिडिओ उघडावा: फळ देठाजवळ कसं हुंगायचं, कितपत मऊ लागलं की कापायचं. सालीला थोडी सुरकुती आलेला हापूस फेकायचा नसतो, उलट तोच गोड लागतो, हे शहरात वाढलेल्या पिढीला कोणी सांगितलेलंच नसतं.

खोका पोचल्यावर तिसऱ्या आणि नवव्या दिवशी फोन करा. ‘कसा होता?’ असं विचारलं की ‘मस्त’ हेच उत्तर मिळतं. ‘किती खाल्ले, किती उरलेत, एखादा टाकावा लागला का?’ असं विचारा. बारापैकी पाच घरांनी खालचा थर आधी उघडला असेल, तर चूक घरांची नाही, खोक्याची आहे. कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि पुन्हा पाठवा.

मजकूर बागेच्या पंचांगानुसार

फळ हातात आल्यावर ‘बुकिंग सुरू’ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही, तोवर बाजारात सगळेच ओरडत असतात. बागेत वर्षभर काहीतरी घडत असतं. तुम्हाला त्याचं नावीन्य नाही, पण शहरातल्या माणसाला आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मोहोर दाखवा. थंडी लांबली, मोहोर उशिरा आला तर तेही सांगा. जानेवारीत बाजरीएवढी फळधारणा. फेब्रुवारीत फळगळ झाली, अवकाळी पाऊस आला, तुडतुडे पडले तर लपवू नका. ‘यंदा पहिल्या मोहोराचं फळ कमी आहे, पेट्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून’ हे जानेवारीतच कळलेला माणूस मार्चमध्ये रागावून फोन करत नाही. दर पंधरवड्याला एक खबर पुरे. रोज रील टाकायचा अट्टहास बागायतदाराला झेपत नाही, आणि तशी गरजही नाही.

एक व्हिडिओ मात्र झटून करा: काढणीचा. सकाळचं ऊन चढायच्या आत गडी नूतन झेला घेऊन कलमावर आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं तयार केलेला हा झेला फळ देठासकट कापतो आणि जाळीत अलगद झेलतो. कॅमेरा देठावर आणा. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि पुढं तिथूनच फळ कुजायला लागतं, हे एका वाक्यात सांगा. मग दोन फळं शेजारी ठेवा, एक चौदा आणे, म्हणजे काढणीला योग्य इतपत, तयार, एक कोवळं. देठाजवळचा खड्डा आणि भरलेले खांदे बोटानं दाखवा. पाठीमागं संगीत नको, बागेतला आवाज राहू द्या. मोबाइल आडवा की उभा यावर लोक वाद घालतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाहणारा फोन उभाच धरतो, तेव्हा उभा.

दुसरा व्हिडिओ धाडसाचा: साका निघालेलं फळ कॅमेऱ्यासमोर कापा. साका बाहेरून ओळखता येत नाही, जमिनीतून येणारी उष्णता आणि झाडावर जास्त पिकू देणं ही त्याची कारणं सांगितली जातात, म्हणून आपण कलमाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन करतो आणि वेळेत काढतो. तरीही एखादं फळ निघेल, निघालं तर भरून देऊ. घरातली वडीलधारी मंडळी विरोध करतील, “आपल्याच मालाची बदनामी कशाला?” पण शेडमध्ये लावलेल्या वाक्यातल्या सगळ्यात मोठ्या शंकेला थेट उत्तर देणारा हाच व्हिडिओ. केशरी पार्श्वभूमीवाला भेसळखोर तो कधीच टाकणार नाही, कारण पुढच्या वर्षी तोंड दाखवायची त्याला गरज नसते.

व्हॉट्सअ‍ॅप हेच दुकान

वेबसाइटवर लाखभर रुपये घालायची घाई नको. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे आणि सुरुवातीला पुरतं. कॅटलॉगमध्ये तीनच वस्तू ठेवा: दोन डझनांचा खोका, पाच डझनांची पेटी, ‘आईबाबांसाठी’ खोका. तिसऱ्यात पोच फोटोसहित. लेबलं लावा: चौकशी, पैसे आले, पाठवलं, पोचलं, तक्रार. रोज संध्याकाळी ‘पाठवलं’ या लेबलखाली कोण अडकलंय ते पाहायचं.

ब्रॉडकास्टच्या एका यादीत 256 जण बसतात, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. त्यामुळे पहिल्या ऑर्डरलाच ‘नंबर सेव्ह करा, काढणीच्या खबरा मिळतील’ असं सांगायचं. गावानुसार याद्या वेगळ्या करा. ट्रॅव्हल्सच्या रात्रीच्या गाडीनं माल कोथरूडला जाणार असेल, तर तो निरोप बोरिवलीकराला कशाला? ग्रुप मात्र करू नका. एकाचा आंबा खराब निघाला की दोनशे जण तिथंच पंचायत भरवतात.

पत्ता घेताना पिनकोड, मजला, लिफ्ट आणि घरी माणूस कधी असतं एवढं विचारा. हे चार प्रश्न विचारले की वॉचमनच्या केबिनमधल्या पेट्या बऱ्याच कमी होतात.

पैसे आधी: धंद्याचा साचा इथं बदलतो

आतापर्यंतचं सगळं या मुद्द्यासाठी होतं. दलालाची खरी ताकद त्याच्या आगाऊ रकमेत आहे. ती उचलली की माल त्यालाच द्यावा लागतो, भावाबद्दल बोलायला तोंड राहत नाही. मोहोरापासून खबरा वाचणारी माणसं जानेवारीत आगाऊ बुकिंग करायला लागली, तर फवारणीचा पैसा तिथून उभा राहतो. जाहिरात म्हणजे हंगामाअखेरीचा खर्च, हे गणितच मग उलटं होतं.

समजा, तुमच्याकडं 200 घरं आहेत. प्रत्येक घर हंगामात दोनदा, दोन-दोन डझन घेतं. डझनाला 900 रुपये धरले तर 800 डझनांचे 7 लाख 20 हजार होतात. 30 टक्के आगाऊ म्हणजे 2 लाख 16 हजार रुपये, तेही बिनव्याजी. आकडे उदाहरणादाखल आहेत, आपले आपण घाला. पण भाव काढताना खोका, पेंढा, ट्रॅव्हल्सचं भाडं, शहरातला शेवटचा टेम्पो, बदलून दिलेली फळं आणि फोनवर बसणाऱ्या माणसाची मजुरी हे सगळं धरा. घरचीच माणसं फोनवर बसतात म्हणून शेवटचा आकडा बहुतेक जण शून्य धरतात आणि मे अखेरीस वाशीच परवडली असती असं म्हणतात.

आगाऊ घेतलं की बांधिलकीही आली. वादळ किंवा अवकाळीनं फळ गेलं तर काय, हे बुकिंगच्या वेळीच लिहून द्या: पैसे परत, किंवा पुढच्या हंगामात माल. कलम दत्तक देण्याची कल्पना आकर्षक वाटते, ‘हे झाड तुमचं, जेवढं फळ येईल तेवढं तुमचं’. मी ती पहिल्या वर्षी सुचवत नाही. हापूस एक वर्ष भरभरून येतो, दुसऱ्या वर्षी हात आखडतो. झाडामागं किमान डझनांची हमी देता येत असेल तरच त्या वाटेला जा.

आणि वाशी सोडू नका. मे महिन्यात एकदम तयार होणारा माल 200 घरं संपवू शकत नाहीत. पहिल्या वर्षी चौथा हिस्सा थेट, बाकी नेहमीच्या वाटेनं. दलालाशी संबंध तोडून बसलेला बागायतदार पाऊस तोंडावर आला की भावाच्या बाबतीत पुरता अडकतो.

पैसे देऊन जाहिरात, इन्फ्लुएन्सर आणि कायदा

मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या, जाहिराती चालतात, पण नवी माणसं शोधण्यासाठी कमी आणि चौकशी करून अर्ध्यावर राहिलेली माणसं परत आणण्यासाठी जास्त. जिथं तुमचा टेम्पो जातो तेवढेच भाग निवडा, काढणीचा व्हिडिओ लावा, बटण थेट व्हॉट्सअ‍ॅपवर. तीन दिवस चालवून एका ऑर्डरमागं किती खर्च पडला ते पाहा.

खाण्याच्या व्हिडिओवाल्यांना पेटी पाठवायची असेल तर खुशाल पाठवा, पण फुकट माल हाही मोबदलाच आहे. जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे आस्कीची, 2021 पासूनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की अशा मजकुरावर तो जाहिरात असल्याचं स्पष्ट दिसलं पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा ‘शंभर टक्के सेंद्रिय’ असं प्रमाणपत्राशिवाय लिहू नका. फवारणी करत असाल तर कधी थांबवता ते सांगा, लोक समजून घेतात.

हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावता येतं असा दर्जा, मिळालं. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतला हापूस त्यात येतो. तुम्ही स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केली तरच ते चिन्ह खोक्यावर छापा. नोंदणी क्रमांक दाखवता आला की भेसळवाल्यापेक्षा तुम्ही आपोआप वेगळे पडता. देवगड तालुक्यातल्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेनं 2025 च्या हंगामात फळावर स्वतंत्र क्रमांकाचे स्टिकर आणले, तेही याच शंकेवरचं उत्तर. कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला बंदी आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. आढीचा रोजचा फोटो टाकला की ‘केमिकल नाही ना?’ हा प्रश्न निम्म्यावर येतो. उरलेल्या फळांचा पल्प किंवा आंबापोळी विकायची तर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेकडं नोंदणी आधी करा.

काय मोजायचं

लाइक आणि फॉलोअर सोडून द्या. वहीत चार रकाने आखा: गेल्या वर्षीच्या किती घरांनी पुन्हा घेतलं, किती घरांनी दुसरं घर आणून दिलं, शंभर फळांमागं साक्याच्या तक्रारी किती आणि फेब्रुवारी अखेरीस हातात आगाऊ किती. साक्याचा रकाना बागेच्या तुकड्यानुसार भरला, तर कोणत्या कलमांखाली आच्छादन वाढवायचं तेही कळतं. खोक्यावर तुकड्याचं नाव लिहायला पेन पुरतो.

जूनमध्ये पाऊस लागला की फोनमधली सगळी यादी एक्सेलमध्ये उतरवून घ्या: नाव, भाग, किती डझन, तक्रार काय, पैसे देणारा कोण आणि खाणारा कोण. 2020 मध्ये टिकटॉक एका रात्रीत बंद झालं आणि तिथल्या लोकांचे लाखो फॉलोअर गेले. व्हॉट्सअ‍ॅपचं खातंही कधी कोणत्या कारणानं अडकेल सांगता येत नाही. यादीची एक प्रत घरात ठेवा, एक ईमेलवर. मग भरपाई द्यायची राहिलेली नावं त्यातून काढा आणि पुढच्या हंगामाची वाट न पाहता त्यांना आताच फोन करा. ‘तुमचे चार आंबे आमच्याकडं जमा आहेत’ एवढंच सांगायचं, बुकिंगचं नावही काढायचं नाही.